मूळ रूप कोणते? पणजीच्या आदिलशाही वाड्यापुढील प्रश्न

मांडवीच्या काठाने दयानंद बांदोडकर मार्गावरून जाताना उतरत्या कौलांची, ओळीने खिडक्या असलेली एक लांबट दुमजली इमारत लागते. पणजीकर तिला ‘जुने सचिवालय’ म्हणतात, इतिहासग्रंथ तिला आदिलशहाचा वाडा म्हणतात. पोर्तुगीजांनी ‘आदिलखान’ या नावाचा ‘इदालकांव’ असा अपभ्रंश केला आणि वास्तूला तेच नाव दिले. एका वास्तूस तीन नावे असावीत, यातच तिचा इतिहास आला. परंतु तिचा दर्शनी भाग पाहून ही मुळात विजापूरकरांची वास्तू आहे, असे कोणालाही ओळखता येणार नाही. ते मूळ रूप केव्हाच लोपले आहे.

विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशहा याने सुमारे १५०० साली नदीमुखावर लक्ष ठेवता यावे म्हणून ही वास्तू उभारली. ती विश्रामाची जागा होती, तशीच गढीही होती. सभोवती खाऱ्या पाण्याचा खंदक होता आणि तटावर ५५ तोफा होत्या, असे वर्णन आढळते. १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकला आणि ही गढी पोर्तुगीजांच्या हाती गेली. पुढे लिस्बनहून येणारे नवे व्हाइसरॉय राजधानीत, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात, समारंभपूर्वक प्रवेश करण्यापूर्वी येथे मुक्काम करीत.

साथीच्या रोगांनी जुने गोवे ओस पडू लागले आणि १७५९ साली व्हाइसरॉयचे निवासस्थान येथे आले. पाहुण्याची जागा धन्याचे घर झाली. गढीचा प्रासाद झाला. तटबंदी निरुपयोगी ठरली, खंदक नाहीसा झाला आणि उतरती कौले, लाकडी खिडक्या व व्हरांडे यांनी वास्तूस नवा चेहरा दिला. हा बदल शत्रूच्या तोफेने घडविलेला नव्हे. तो वापराने घडविलेला आहे. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. १९१८ नंतर गव्हर्नर-जनरल काबो येथे राहावयास गेले, तरी राज्यकारभाराचे केंद्र म्हणून या वास्तूचे महत्त्व टिकून राहिले.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. प्रवेशद्वारावरील जुन्या राजचिन्हाची जागा अशोकचक्राने घेतली. ९ जानेवारी १९६४ रोजी गोवा, दमण व दीव विधानसभेची पहिली बैठक याच वास्तूत भरली. पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर सभापती होते, तर दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री. चार शतकांहून अधिक काळ जेथून केवळ आज्ञा सुटत होत्या, तेथे प्रजेच्या प्रतिनिधींनी प्रश्न विचारण्यास आरंभ केला, आणि त्यांतील पुष्कळांनी ते मराठीत विचारले. १९८७ सालचा राजभाषा कायदा येथेच संमत झाला. त्यावरून झालेल्या वादाच्या जखमा आपल्या पिढीला ठाऊक आहेत. तथापि तो वाद या भिंतींच्या इतिहासाचाच भाग होय. २००० साली विधानसभा पर्वरीच्या नव्या संकुलात गेली आणि वास्तू रिकामी झाली. त्यानंतर दुरुस्ती, कलाप्रदर्शने, महोत्सव अशा वाटेने तिचे नवे आयुष्य सुरू झाले.

अशा वास्तूचे नूतनीकरण करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? एक पक्ष म्हणतो, मूळ आदिलशाही रूप परत आणावे. ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण ज्याचे पुरेसे आधार नाहीत ते रूप उभारणे म्हणजे विजापुरातील कमानी व घुमट यांची पणजीत नक्कल करणे होय. दुसरा पक्ष पर्यटकांसाठी पोर्तुगीज डौल तेवढा उजळू पाहतो; त्याच्या हिशेबी १५१० पूर्वीचा आणि १९६१ नंतरचा काळ जणू घडलाच नाही. दोघांची चूक एकच आहे. इतिहासाचे एक पान ठेवून उरलेली फाडावीत, असे दोघांनाही वाटते.

१९६४ सालीच, विधानसभेची पहिली बैठक झाली त्याच वर्षी, व्हेनिस येथे वास्तुसंवर्धनाची सनद तयार झाली. जेथे तर्कबाजी सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि वास्तूत निरनिराळ्या काळांनी घातलेली मोलाची भर मानली पाहिजे, ही तिच्यातील दोन तत्त्वे. आपल्या वाड्याला ती अचूक लागू पडतात.

तत्त्वाइतकाच तपशीलही महत्त्वाचा. गोव्यातील जुने बांधकाम जांभ्या दगडाचे आणि चुन्याचे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो ओल शोषतो आणि उघाड पडताच चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर टाकतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि भिंत आतून झिजते. वरून गुळगुळीत दिसणारी अशी दुरुस्ती वस्तुतः वास्तूचे आयुष्य कमी करते. दर्शनी भागाचा मोह येथेही घातकच ठरतो.

म्हणून हरवलेल्या रूपाचा शोक आवरता घ्यावा. वाड्यात आदिलशाही गढी, व्हाइसरॉयचा प्रासाद आणि लोकांची विधानसभा या तिन्हींची हकिगत, मराठी व कोंकणीतही, सांगितली जावी. त्यांपैकी विधानसभेची आठवण सर्वांत नवी, म्हणून सर्वांत असुरक्षित आहे. राजांच्या खुणा जपण्यास पुरातत्त्वज्ञ पुढे येतात. सामान्य माणूस प्रथम जेथे बोलला त्या दालनाची आठवण मात्र फर्निचर हलविले की पुसली जाते. मूळ आदिलशाही रूप आपल्या हाती राहिले नाही, त्यात आपला दोष नाही. आपल्या डोळ्यांदेखत घडलेले मात्र हरवू दिले, तर त्या दोषाचे धनी आपणच असू.