तळटीप : लिंगमळ्याचा कोयनेल मळा

मेढ्याहून केळघर घाटाने वर गेल्यावर महाबळेश्वरजवळ लिंगमळा लागतो. तिथला सरकारी सिंकोना मळा १८६० नंतरच्या दशकात उभा राहिला आणि थोड्याच वर्षांत बुडाला. मूळ लेखक दोष एकट्या पावसाला देतात. ते अपुरे वाटते. अँडीजमधले देश कोयनेल देणाऱ्या या झाडाच्या बियाण्याला जपत असतानाही १८६० मध्ये इंग्रज सरकारसाठी क्लेमेंट्स मार्कहॅमच्या मोहिमेने रोपे आणि बिया पळवल्या. ऐवज हाती आला. पण कोणत्या जातीच्या सालीत कोयनेल किती, तिला माती कोणती मानवते, हे ज्ञान त्याबरोबर आले नाही. नीलगिरीत तर मळे जगले, असे कोणी म्हणेल. जगले खरे, पण १८६५ मध्ये इंग्रज व्यापारी चार्ल्स लेजरचे सरस बियाणे इंग्रज सरकारने नाकारले, डचांनी सुमारे एक पौंड घेतले आणि जावात वर्षानुवर्षे निवड व कलमे करून जगाचा कोयनेल-बाजार काबीज केला. (तेही बियाणे चोरटेच. ते गोळा करणारा मानुएल इन्क्रा मामानी बोलिव्हियात तुरुंगातल्या मारहाणीनंतर मेला.) हिवतापाच्या रोग्यांसाठी ही चोरी क्षम्य होती, हा मार्कहॅमचा नेहमीचा बचाव. औषध स्वस्त झाले हे मान्य. पण अँडीजचा सालीचा व्यापार त्यातच बसला, हे त्या बचावात येत नाही.