अठरावा हप्ता : देपालपूरची एक शिलाई मशीन आणि कधीच लागू न झालेला कायदा

आमच्या मंडळात होळकरांच्या सनदा, शिलालेख, छत्र्या यांवर बरंच वाचन होतं. ते व्हायलाच हवं. पण या वेळी मी एक फार लहान कागद घेऊन आलोय. देपालपूरच्या आमच्या जुन्या घरातली आईची पेटी आवरताना तो सापडला. १९७७ सालचा, पिवळा पडलेला, शिलाई मशीनचा ‘हायर-पर्चेस’ करारनामा. सोबत सतरा पावत्या, दोऱ्यात ओवलेल्या.

मी नोकरीने इंजिनिअर, त्यामुळे आधी हिशेब केला. मशीनची रोख किंमत ५२० रुपये. हप्ते २४, प्रत्येकी २७ रुपये, म्हणजे एकूण ६४८. वरचे १२८ रुपये दोन वर्षांचे. सरळ भागिलं तर व्याज सालाना १२ टक्क्यांच्या आसपास दिसतं. पण मुद्दल दर महिन्याला उतरत जातं, ते धरलं की खरा दर २२ टक्क्यांच्या घरात जातो. ही रोख किंमतसुद्धा करारात नाही. ती आईने पाकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवली होती, म्हणून कळली.

आई गल्लीतल्या बायकांची पोलकी आणि मुलांचे शाळेचे कपडे शिवायची. सतरा हप्ते वेळेवर गेले. मग बाबा आजारी पडले आणि दोन हप्ते चुकले. एके दुपारी इंदूरच्या दुकानाची दोन माणसं आली आणि मशीन उचलून हातगाडीवर घालून घेऊन गेली. ना नोटीस, ना कोर्ट. आजी म्हणाली, “अहो, एवढे पैसे भरलेत की!” त्यांनी करारावर बोट ठेवलं : शेवटचा हप्ता फिटेपर्यंत माल दुकानाचा, तोवर दिलेले पैसे भाडं. भरलेले ४५९ रुपये असे भाड्यात गेले.

ही युक्ती देपालपुरात जन्मली नाही. अमेरिकेत सिंगर कंपनीने १८५० च्या दशकात शिलाई मशीन हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली आणि पुढे ती पद्धत हिंदुस्तानातही आली. इंग्लंडमध्ये १८९५ साली ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’ या पियानोच्या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की, घेणाऱ्यावर विकत घेण्याचं बंधन नसेल तर तो खरेदीदार नाही, भाडेकरूच. हप्त्याच्या करारांचा साचा या निकालाने पक्का झाला. त्याचा जाच गरिबांना इतका झाला की खासदार एलेन विल्किन्सन यांनी मांडलेल्या विधेयकातून १९३८ चा कायदा आला. एक तृतीयांश रक्कम भरली गेली की कोर्टाशिवाय माल परत नेता येणार नाही, असं त्यात होतं.

आपल्याकडे विधी आयोगाने १९६१ मध्ये विसाव्या अहवालात याच विषयावर शिफारशी केल्या आणि १९७२ साली संसदेने हायर-पर्चेस अ‍ॅक्ट मंजूर केला. मी तो वाचला तेव्हा आईचा कागद शेजारी ठेवला होता. करारात रोख किंमत लिहिली पाहिजे. हप्ते चुकले तर करार मोडण्याआधी लेखी नोटीस पाहिजे, महिन्याचा हप्ता असेल तर दोन आठवड्यांची. आणि पंधरा हजारांहून कमी किमतीच्या अशा मालाची निम्मी रक्कम भरली गेली असेल, तर मालकाने कोर्टातच जायचं. निम्मे म्हणजे ३२४ रुपये. आईने ते बाराव्या हप्त्यालाच पार केले होते.

मग मशीन गेली कशी? कारण कायदा लागूच नव्हता. १ जून १९७३ पासून अंमल सुरू होईल अशी अधिसूचना निघाली, आणि ती तारीख यायच्या आत मागे घेतली गेली. त्यानंतर तो तसाच पडून राहिला. २००५ साली संसदेने तो रद्द केला. तेहेतीस वर्षं पुस्तकात होता, देपालपूरच्या ओसरीवर एक दिवसही पोचला नाही. तोवर सगळं चाललं ते १८७२ च्या करार कायद्यावर आणि ज्याने करार छापला त्याच्या अटींवर.

पुढे वाटा थोड्या उघडल्या. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हप्त्यांनी पैसे देणाऱ्यालाही ग्राहक मानलं. १९९३ च्या दुरुस्तीने, स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणाराही ग्राहकच, हे स्पष्ट केलं. आईची मशीन नेमकी त्यात बसली असती. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्जवसुलीसाठी गुंड पाठवणाऱ्या बँकांना चांगलंच सुनावलं. तरी निम्मी रक्कम भरलेल्याला आपोआप संरक्षण देणारी ती साधी रेघ मात्र परत आली नाही.

आईने पुन्हा मशीन घेतली ती १९८३ मध्ये, रोखीने, काही वर्षं साठवून. हप्त्याचं नाव काढलं की ती म्हणायची, “उधारीची सुई टोचते रे.” त्या सतरा पावत्या मात्र तिने फेकल्या नाहीत. कुणीतरी कधीतरी विचारेल असं तिला वाटत असावं.

मंडळींना एवढीच विनंती. घरात रेडिओ, सायकल, पंखा, ट्रॅक्टर यांचे जुने हप्त्यांचे कागद असतील तर रद्दीत घालू नका. सनदेइतकाच तोही आपल्या गावाचा इतिहास आहे. पाठीमागची बारीक अक्षरं आधी वाचा.