दिनविशेष : १६ सप्टेंबर – ताऱ्याहून मोठा ग्रह
२०२० : सूर्यासारखा तारा मरणाआधी प्रचंड फुगतो, जवळचे ग्रह गिळतो, मागे उरतो तो श्वेतबटू. त्याला खेटून एखादा ग्रह शाबूत सापडेल, अशी आशा फारशी नव्हती. पण कालेय तारकासमूहात, सुमारे ८० प्रकाशवर्षांवर, तसा उमेदवार हाती लागल्याचे अँड्र्यू व्हँडरबर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जाहीर केले. ‘डब्ल्यूडी १८५६ बी’ हे त्याचे रुक्ष नाव. तारा जेमतेम १८,००० किलोमीटर व्यासाचा, ग्रह मात्र साधारण गुरूएवढा, म्हणजे यजमानाच्या सातपट! प्रदक्षिणा अवघ्या ३४ तासांची. नासाच्या ‘टेस’ दुर्बिणीने टिपलेले त्याचे अधिक्रमण आठच मिनिटांचे, पण तेवढ्यात ताऱ्याचा निम्म्याहून अधिक प्रकाश अडतो. तारा विझल्यानंतर हा ग्रह दुरून आत सरकला असावा.