जुन्या मोटारींची इंजिने कशी ओळखावीत?

इतिहासाचं साधन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट येतो, शिलालेख येतो, नाहीतर एखाद्या वाड्याच्या माळ्यावर सापडलेलं मोडी कागदांचं दप्तर. मी वीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवतो आणि माझीही समजूत याहून निराळी नव्हती. ती बदलली एका मोटारीमुळे.

माझा एक विद्यार्थी बार्शी तालुक्यातल्या खेड्यातला. त्याच्या आजोबांची ॲम्बॅसेडर गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी आहे. आर. सी. बुकात साल १९५८. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केला, की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या खाजगी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. तिच्या नंबरात 'व्ही. ए.' ही अक्षरं येतात. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. घरच्यांना वाटलं, आपली गाडी यात सहज बसेल. एरवी भंगारवाला दारात येऊन वजनावर भाव सांगून गेलाच होता.

मी पाहायला गेलो तेव्हा सोलापुरातले एक वयस्कर मिस्त्री बरोबर घेतले. त्यांनी बॉनेट उचललं, क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "सर, ह्ये इंजिन या गाडीचं न्हाई."

नंबर त्यांनी वाचलाच नव्हता. त्यावर बोटभर तेलकट माती होती. मग कशावरून? नुसत्या घडणीवरून!

विहिरीवरचं इंजिन आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. सिलिंडरात हवा आत घ्यायला एक झडप आणि धूर बाहेर सोडायला दुसरी झडप, ही गोष्ट मोटारीतही तीच. मिस्त्री लोक झडपेला 'वॉल' म्हणतात. आता या झडपा बसवायच्या कुठे, यावर इंजिनाचं बाहेरचं रूप ठरतं. जुन्या पद्धतीत त्या सिलिंडरच्या शेजारी, खालच्या ब्लॉकमध्येच असत. त्यामुळे वरचं हेड अगदी सपाट, जेवायच्या पाटासारखं. कडेने नटांची रांग, आणि पाटावर सुपाऱ्या मांडाव्यात तसे प्लग वरून उभे बसवलेले. हवेची आणि धुराची नळी दोन्ही एकाच अंगाला, खाली. हे 'साइड वॉल' इंजिन.

दुसऱ्या पद्धतीत झडपा सिलिंडरच्या डोक्यावर. त्यांना हलवणारे दांडे झाकायला वर पत्र्याचं लांबट झाकण लागतं, त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. ऑइल ओतायचं बूच बहुधा याच झाकणावर असतं, आणि प्लग हेडच्या कुशीतून आडवे किंवा तिरपे बाहेर आलेले दिसतात. तेव्हा बॉनेट उघडल्यावर पहिला प्रश्न विचारावा: माथा सपाट आहे, की त्यावर झाकणाचा डबा आहे?

सपाट माथ्याचं इंजिन स्वस्त होतं, शांत चालत होतं, आणि साधारण हाताच्या कारागिरालाही उघडता येत होतं. तेव्हाचं पेट्रोल हलक्या प्रतीचं, त्यावर ते निभावून जाई. पुढे पेट्रोल सुधारलं. मिश्रण अधिक दाबून पेटवलं तर ताकद वाढते, पण शेजारच्या झडपांसाठी ठेवलेल्या पोकळीमुळे तितका दाब साधेना. म्हणून झडपा हळूहळू माथ्यावर गेल्या.

आता ॲम्बॅसेडरचं पाहा. ही गाडी १९५७ साली निघाली ती १४७६ सी.सी.च्या साइड वॉल इंजिनासह. १९५९ मध्ये तिला १४८९ सी.सी.चं, वर झाकण असलेलं इंजिन मिळालं. त्यात प्लग एका अंगाला आणि कार्बुरेटर दुसऱ्या अंगाला. बॉडी तीच, बॉनेटखाली मात्र पिढी बदललेली. आमच्या १९५८ च्या गाडीत झाकणाचा डबा स्पष्ट दिसत होता! मिस्त्रींना आणखी पुरावा कशाला हवा?

बाहेरून गाडी एक सांगते आणि इंजिन दुसरंच, याची उदाहरणं पुष्कळ आहेत. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या फोर्ड आणि शेव्हरोले कारखान्यांनी लष्करासाठी एकाच नमुन्याचे, जवळजवळ जुळे दिसणारे ट्रक बांधले. युद्धानंतर 'डिस्पोजल'मध्ये लष्कराच्या गाड्या विकल्या गेल्या. जुळ्यांतला फरक बॉनेटखाली कळे. फोर्डमध्ये आठ सिलिंडर दोन रांगांत, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे, दोन सपाट हेडं आणि रेडिएटरला वरून दोन नळ्या. शेव्हरोलेत सहा सिलिंडर एका ओळीत आणि वर लांबलचक झाकण. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, ती बेडफोर्ड. बेडफोर्ड आणि शेव्हरोले दोन्ही जनरल मोटर्सच्या घराण्यातल्या, आणि झडपा माथ्यावर ठेवण्याची रीतही दोघींची एकच.

जीपची गंमत तर निराळीच. युद्धातली जीप सपाट माथ्याची. नंतर विलिस कंपनीने एक झडप वर चढवली आणि दुसरी खालीच ठेवली. सून माडीवर आणि सासू सोप्यावर, तसा हा संसार! इंजिन इतकं उंच झालं, की १९५३ च्या नमुन्यात बॉनेटच उचलून उंच करावं लागलं. हीच उंच कपाळाची जीप पुढे महिंद्र कंपनीने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली.

सोलापूरकरांनी एक नाव विसरू नये. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली इथलाच. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डी सोटो बाहेर पडू लागल्या. या गाड्यांची इंजिनं सहा सिलिंडरांची, सपाट माथ्याची. १९५४ मध्ये तिथेच फियाट ११०० आली, ती झाकणाच्या डब्याची. पण ती पाहायला वालचंद नव्हते, १९५३ सालीच ते वारले. या फियाटचं १०८९ सी.सी.चं इंजिन पुढे पद्मिनीतही कित्येक वर्षं चाललं. म्हणजे घडणीवरून घराणं कळतं, काळाची अलीकडची मर्यादा कळते, पण नेमकं साल दर वेळी कळेलच असं नाही.

डिझेल इंजिन ओळखणं त्या मानाने सोपं. त्याला प्लगच्या जाड वायरी नाहीत, कार्बुरेटर नाही. एक पंप आणि त्यातून सिलिंडरगणिक निघालेल्या बारीक पोलादी नळ्या. ॲम्बॅसेडर डिझेलवर आली १९८० साली. त्याच्या आधीच्या गाडीत अशा नळ्या दिसल्या, तर स्वस्त इंधनासाठी कुणीतरी इंजिन बदललं हे उघड आहे.

रंगावर मात्र विसंबू नये. रंग कुणीही देतो. हवेचा फिल्टर, डायनामो, कार्बुरेटर हे सुटे भाग गाडीच्या आयुष्यात दहादा बदलतात. भरवसा ठेवावा तो ओतीव ब्लॉकवर आणि त्यावरच्या उठावाच्या अक्षरांवर. पान्यांवरूनही अंदाज येतो. ॲम्बॅसेडरला इंची पाने लागत, फियाटला मिलिमीटरचे. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, गावातलं जुनं धूड भंगारात जाण्यापूर्वी मुलांना घेऊन एकदा जा. माती खरवडा, अक्षरं उतरवून घ्या, फोटो काढा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आम्ही विचारलं. विद्यार्थ्याच्या आजी आधी गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळानंतर बदललं बाबा. जुन्याचं सामान मिळंना. त्ये बैलगाडीत घालून न्हेलं, भंगाराच्या भावानं."

रॉकेलच्या बोळ्याने नंबर पुसून काढला. आर. सी. बुकातल्या पहिल्या नंबराशी तो जुळत नव्हता. पण मागच्या पानावर, शाई पुसट झालेली, इंजिन बदलल्याची १९७३ सालची नोंद होती आणि तिच्यातला नंबर अक्षरन् अक्षर तोच! आजोबांनी रीतसर केलं होतं सारं.

'व्ही. ए.'चा अर्ज काही त्या घरून गेला नाही. पोराचा चेहरा उतरला, हे मी नाकारत नाही. पुढच्या आठवड्यात भंगारवाला पुन्हा आला होता म्हणे. आजींनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.