दिनविशेष : १३ ऑगस्ट १९९७ – ‘विशाखा’ निकाल

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या दिवशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. राजस्थानातील भटेरी गावात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवी या ‘साथिन’वर (सरकारी योजनेतील गावपातळीवरील कार्यकर्तीवर) १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. सरकारी योजनेचे काम करताना तिने हे सोसले. तरी १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. ‘विशाखा’ व इतर महिला संघटनांनी जनहित याचिका केली. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. कृपाल यांच्या खंडपीठाने सुरक्षित कामाचे ठिकाण हा स्त्रीचा मूलभूत हक्क मानला. न्या. मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश.

पुढे २०१३ मध्ये अशा छळाविरुद्ध कायदा आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक झाली. छोट्या आस्थापनांतील स्त्रिया आणि घरकामगार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकतात. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तरी हीच समिती. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. लिहिणे जमत नसेल, तर समितीने मदत करायची. चौकशीची मुदत ९० दिवस. त्या काळात बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

हे हक्क शेतमजूर, घरकामगार आणि कंत्राटी सफाई कामगार स्त्रीपर्यंत पोहोचवणे, ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे.