तळटीप : लिगामेंट आणि शस्त्रक्रिया

लिगामेंट फाटले की शस्त्रक्रिया अटळ, हे लेखकाचे विधान सरसकट खरे नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूचे लिगामेंट, रक्तपुरवठा बरा असल्याने, बहुधा पट्टा आणि व्यायामावर भरून येते. सांध्याच्या पोटातले ‘एसीएल’ मात्र फाटले की तिथल्या वंगणद्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही; त्या आधाराविना तुटलेली टोके सहसा जुळत नाहीत. मग निदान तिथे तरी शस्त्रक्रिया हवीच, असे कोणी म्हणेल. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, १२१ तरुण रुग्णांवरच्या स्वीडनमधील चाचणीत ज्यांना आधी नुसता व्यायामोपचार दिला, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांना दोन वर्षांत शस्त्रक्रिया लागली नाही, आणि हा गट व सुरुवातीलाच शस्त्रक्रिया केलेला गट, या दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरकही दिसला नाही. वळताना ज्यांचा गुडघा वारंवार निसटतो, त्यांचा विचार अर्थातच वेगळा करावा लागतो. — संपादक