अमेरिकन शाळांतील वंशविभाजन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वंश किंवा वर्ण पाहून मुलांना वेगवेगळ्या शाळांत घालण्याची पद्धत. १९५४ पर्यंत १७ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये ती सक्तीची होती. कॅन्सस धरून आणखी चार राज्यांत तिला मुभा होती. उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत उघड कायदा नसतानाही वस्त्यांची रचना, शिक्षणमंडळांनी आखलेल्या हद्दी आणि स्थानिक रिवाज यांतून तेच घडत असे. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. मात्र तिचे परिणाम अमेरिकन शिक्षणात अजूनही टिकून आहेत.

पूर्वपीठिका : या विभाजनाची मुळे गुलामगिरीत आहेत. साउथ कॅरोलायनाने १७४० मध्येच गुलामांना लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरवला होता. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली उठाव झाल्यावर दक्षिणेतील अनेक राज्यांनी ही बंधने आणखी आवळली. अक्षरओळख झालेला गुलाम ताब्यात राहणार नाही, ही मालकवर्गाची भीती या कायद्यांच्या मुळाशी होती.

उत्तरेतही समान वागणूक नव्हती. बॉस्टनमधील सारा रॉबर्ट्स या पाच वर्षांच्या मुलीला गोऱ्या मुलांच्या जवळच्या शाळा ओलांडून दूरच्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांनी शहराविरुद्ध दावा लावला. चार्ल्स समनर आणि रॉबर्ट मॉरिस हा कृष्णवर्णीय वकील यांनी तो लढवला. पण मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने १८५० मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला. पाचच वर्षांनी, १८५५ मध्ये, त्या राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून शाळांतील विभाजन बंद केले.

यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली आणि १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने सर्व व्यक्तींना कायद्याचे समान संरक्षण दिले. मुक्त झालेल्या लोकांनी सर्वांत आधी शाळा मागितल्या. दक्षिणेत सार्वजनिक शिक्षणाची पद्धतशीर उभारणी याच काळात सुरू झाली. मात्र १८७७ मध्ये संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेल्यावर सत्ता पुन्हा गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हाती गेली. कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क निरनिराळ्या युक्त्यांनी हिरावला गेला आणि रेल्वे, दवाखाने, शाळा सगळीकडे वेगळेपणाचे कायदे आले. हे कायदे ‘जिम क्रो कायदे’ म्हणून ओळखले जातात.

‘वेगळे पण समान’ : १८९६ च्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानातील रेल्वेचे वेगळे डबे घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. सोयी समान असतील तर त्या वेगळ्या ठेवण्यात गैर नाही, असे हे तत्त्व होते. निकालपत्रात बॉस्टनच्या जुन्या निकालाचाही आधार घेतला होता. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी एकट्यांनी विरोधी मत नोंदवले. पण तीनच वर्षांनी जॉर्जियातील एका काउंटीने गोऱ्यांचे हायस्कूल चालू ठेवून कृष्णवर्णीयांचे बंद केले, तेव्हा त्यात हस्तक्षेप नाकारणारे निकालपत्र हार्लन यांनीच लिहिले. वेगळेपणा काटेकोरपणे पाळला गेला. समानता कागदावरच राहिली.

विभाजनाचा फटका इतर समाजांनाही बसला. सॅन फ्रान्सिस्कोत मेमी टेप या चिनी वंशाच्या मुलीला शाळेने प्रवेश नाकारला. १८८५ मध्ये तिच्या पालकांनी खटला जिंकला, तर शहराने चिनी मुलांसाठी वेगळी शाळाच काढली. १९२७ मध्ये मिसिसिपीतील मार्था लम या चिनी वंशाच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून वगळणे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्ध मेंडेझ कुटुंब व इतरांनी लावलेला दावा १९४७ मध्ये अपिलातही टिकला आणि त्याच वर्षी त्या राज्याने विभाजनाची कायदेशीर तरतूद काढून टाकली.

प्रत्यक्ष स्थिती : साउथ कॅरोलायनातील क्लॅरेंडन काउंटीचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९४९–५० मध्ये गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर, तर कृष्णवर्णीय मुलामागे ४३ डॉलर खर्च होत. गोऱ्या मुलांसाठी ३० बसगाड्या होत्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी, त्यांची संख्या जास्त असूनही, एकही नव्हती. पालकांनी आधी फक्त एक बस मागितली होती. ती नाकारली गेल्यावर रेव्हरंड जोसेफ डीलेन यांच्या पुढाकाराने ते न्यायालयात गेले. दाव्यावर पहिली सही करणारे हॅरी ब्रिग्ज पेट्रोल पंपावर कामाला होते. त्यांची नोकरी गेली. डीलेन यांचे घर जळाले आणि त्यांना राज्य सोडावे लागले.

अशा परिस्थितीतही कृष्णवर्णीय समाजाने शिक्षणाची हेळसांड होऊ दिली नाही. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या कल्पनेतून आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीतून १९३२ पर्यंत दक्षिणेत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. त्यांसाठी गावोगावच्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी पैसा, जमीन आणि अंगमेहनत दिली. शाळेसाठी कर भरायचाच आणि वर पुन्हा वर्गणीही द्यायची, असा दुहेरी भार त्यांनी उचलला.

न्यायालयीन लढा : एनएएसीपी या १९०९ मध्ये स्थापन झालेल्या नागरी हक्क संघटनेने हा लढा टप्प्याटप्प्याने लढवला. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि त्यांचे शिष्य थर्गुड मार्शल यांनी सुरुवात उच्च शिक्षणापासून केली, कारण राज्याला दुसरे समान विद्यापीठ काढणे परवडणारे नव्हते. ओक्लाहोमा विद्यापीठाने जॉर्ज मॅक्लॉरिन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश दिला; पण त्यांना वर्गाला लागून असलेल्या दालनात बसवले, ग्रंथालयात पोटमाळ्यावरचे ठरावीक टेबल दिले आणि उपाहारगृहात वेगळ्या वेळी जेवायला लावले. ही वागणूक शिक्षणालाच बाधा आणते, असा निकाल १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला.

पुढच्या टप्प्यात शालेय मुलांचे पाच खटले एकत्र आले : कॅन्सस, साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया, डेलावेअर आणि वॉशिंग्टन. व्हर्जिनियाच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत कृष्णवर्णीयांच्या मोटन हायस्कूलमध्ये जागा पुरेना, म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोपट्यांत वर्ग भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या विद्यार्थिनीने शाळेत संप घडवून आणला. त्यातूनच तेथील दावा उभा राहिला. कॅन्ससमधील टोपीका येथे लिंडा ब्राऊनला घराजवळच्या समनर शाळेत प्रवेश मिळेना. ही शाळा बॉस्टनचा खटला लढवणाऱ्या चार्ल्स समनर यांच्याच नावाची होती. लिंडाचे वडील ऑलिव्हर ब्राऊन यांच्या नावाने हा खटला प्रसिद्ध झाला. केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या दाखवून केलेले प्रयोगही पुराव्यात होते. अनेक कृष्णवर्णीय मुले गोरी बाहुलीच ‘चांगली’ म्हणून निवडत.

मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन यांनी नऊही न्यायाधीशांच्या एकमताने निकाल दिला : सार्वजनिक शिक्षणात वेगळ्या सोयी मुळातच असमान असतात. १९५५ च्या दुसऱ्या निकालात अंमलबजावणी योग्य त्या गतीने करावी, असा मोघम आदेश आला. त्यात मुदत नव्हती आणि विरोधकांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

विरोध आणि अंमल : १९५६ मध्ये दक्षिणेतील १०१ संसद सदस्यांनी निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला. १९५७ मध्ये आर्कान्सातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवण्यासाठी गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी राज्याचे सैनिक उभे केले. अध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवून मुलांना वर्गात पोहोचवावे लागले. नोव्हेंबर १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे सहा वर्षांची रुबी ब्रिजेस संघराज्याच्या मार्शलांच्या पहाऱ्यात शाळेत गेली. गोऱ्या पालकांनी मुले काढून घेतली आणि बार्बरा हेन्री या शिक्षिकेने वर्षभर तिला एकटीलाच शिकवले. प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ मध्ये सगळ्या सार्वजनिक शाळांना टाळे लावले. ते १९६४ पर्यंत निघाले नाही. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाल्या; बहुतेक कृष्णवर्णीय मुलांची उमेदीची वर्षे शाळेविना गेली.

खरा बदल १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर झाला. भेदभाव करणाऱ्या शाळांचे संघराज्याचे अनुदान रोखण्याची तरतूद त्यात होती आणि १९६५ पासून हे अनुदान मोठ्या प्रमाणावर वाढले. १९६८ मध्ये न्यायालयाने विभाजन मुळापासून मोडण्याची जबाबदारी शिक्षणमंडळांवर टाकली, तर १९७१ मध्ये त्यासाठी मुलांना बसने दूरच्या शाळांत नेण्यास मान्यता दिली. काही वर्षांतच दक्षिणेतील शाळा देशात सर्वाधिक मिश्र झाल्या. या बदलाची किंमतही कृष्णवर्णीयांनीच मोजली : त्यांच्या शाळा बंद झाल्या आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या.

उत्तरेतील विभाजन आणि माघार : १९३० च्या दशकापासून गृहकर्ज देताना सरकारी यंत्रणांनी कृष्णवर्णीय वस्त्या जोखमीच्या ठरवल्या आणि उपनगरांतील घरे कृष्णवर्णीयांना मिळू दिली नाहीत. शाळेचा खर्च मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करातून चालत असल्याने वस्तीची गरिबी थेट वर्गापर्यंत पोहोचली. १९७३ मध्ये न्यायालयाने या करपद्धतीतील विषमता घटनाविरोधी मानण्यास नकार दिला. १९७४ मध्ये डेट्रॉइट शहर आणि ५३ उपनगरी शाळा-जिल्हे यांची विभाजन मोडण्याची एकत्र योजना पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली गेली. तोवर न्यायाधीश झालेल्या थर्गुड मार्शल यांनी त्यावर तीव्र विरोधी मत नोंदवले. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या बसगाड्यांवर दगडफेक झाली. १९९१ पासून न्यायालयांनी विभाजन मोडण्याचे जुने आदेश उठवण्यास सुरुवात केली आणि २००७ मध्ये प्रवेशासाठी एकेका मुलाचा वंश पाहण्यावर कडक मर्यादा आल्या.

मराठी संदर्भ : जोतीराव फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये एनएएसीपीचे एक संस्थापक डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला.

मूल्यमापन : अमेरिकन शाळांतील विभाजन लोकांच्या आवडीनिवडीतून आपोआप वाढले, हा समज इतिहासाला धरून नाही. विधिमंडळांनी, न्यायालयांनी, शिक्षणमंडळांनी आणि कर्ज देणाऱ्या यंत्रणांनी ते घडवले. १९५४ च्या निकालाने त्यातला उघड कायदा मोडला. हद्दी आणि पैशाची वाटणी मात्र मोडली नाही. त्या दोन्ही बदलल्याशिवाय समान शिक्षणाचे वचन पुरे होणार नाही.